फोन घेतला हे कळलं, पण फोन वाचला त्याचं काय?

कृष्णाकाठचा

वकील मंडळी किंवा पोलिसात नोकरी केलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. जरा लांबण लावतो, कारण घोळ तपशिलातच आहे.

माझ्या मेव्हण्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात. गावाचं नाव लिहीत नाही. २३ दिवसांपूर्वी दुकानासमोरच्या फाट्यावर टेम्पोने एका दुचाकीला उडवलं. दुचाकीवाला वाचला, पण पाय मोडला. टेम्पोवाला खाली उतरला आणि उलट त्यालाच शिव्या घालायला लागला. धड उभंही राहता येत नव्हतं त्याला. मेव्हण्याने मोबाइलवर पन्नासेक सेकंदांचं शूटिंग केलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. तिथेच चूक झाली म्हणा.

दुसऱ्या दिवशी हवालदार दुकानात. ‘साहेबांनी बोलावलंय, मोबाइल घेऊन या.’ हा गेला. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला, तर ‘तसं चालत नाही, ओरिजिनल पाहिजे’. पासवर्ड विचारला, याने सांगितला, त्यांनी चिठोऱ्यावर उतरवून घेतला. मग हवालदाराने याच्यासमोरच गॅलरी उघडली. व्हिडिओ वरच होता, लगेच सापडला. पण अंगठा काही थांबेना. पोरं विहिरीत पोहतानाचे फोटो, सासूबाईंचा सोनोग्राफी रिपोर्ट, शेतकऱ्यांच्या उधारीच्या वहीची पानं. एका फोटोवर थांबून म्हणे, ‘या वहिनी का?’ मेव्हणा ‘हो’ म्हणाला. हे मला सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

पावती मागायचं सुचलं नाही. फोन अजून तिकडेच. रोज ‘आयओसाहेब (म्हणजे तपास अधिकारी) बंदोबस्तावर आहेत’.

याच्यावर गुन्हा नाही, हा नुसता साक्षीदार. तरी फोन असा घेता येतो? आणि घेतलाच, तर आतलं सगळं चाळता येतं?

खडूस_काका

तिकडे एक माणूस पाय मोडून पडलाय आणि तुम्हाला फोटोंची पडलीय. कर नाही त्याला डर कशाला? पोलिसांना तुमच्या उधारीच्या वहीत काडीचा रस नसतो हो.

सखूबाई

काका, तुमचा फोन लॉक काढून जरा द्या बरं इकडे. मी काही करणार नाही, नुसता अंगठा फिरवीन.

आणि मेव्हण्याचं सोडा. त्याच्या बायकोला कुणी विचारलं? त्या वहीतल्या शेतकऱ्यांना? कुणाची किती थकबाकी आहे हे गावात कळलं की काय होतं, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

चिंगी

रुमाल टाकून ठेवते. (काकांच्या फोनमध्ये ‘शुभ सकाळ’ आणि गुलाबाची फुलं याखेरीज काही निघायचं नाही.)

काळा_कोट

कृष्णाकाठचा, मी छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात वकिली करते. तुमचे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत, म्हणून सुटं सुटं लिहिते.

पहिला, घेण्याचा. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ९४ मध्ये ठाण्याचा प्रभारी अधिकारी कुणाकडूनही वस्तू वा कागद मागवू शकतो, तो आरोपी असलाच पाहिजे असं नाही. जुन्या कलम ९१ मध्ये फोनचा उल्लेख नव्हता. आता डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्काची उपकरणं, असं स्पष्ट घातलंय. पण हा आदेश लेखी लागतो. ‘साहेबांनी बोलावलंय’ हा कलम ९४ चा आदेश नव्हे.

दुसरा रस्ता जप्तीचा, कलम १०६. तो चोरीच्या मालासाठी किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा स्थितीत सापडलेल्या वस्तूसाठी. जप्ती केली की दंडाधिकाऱ्याला तातडीने कळवायचं. शिवाय कलम १०५ नवीन आहे: झडती घेताना किंवा वस्तू ताब्यात घेताना, यादी करून पंचांच्या सह्या होईपर्यंत सगळ्याचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. त्यासाठी पोलिसांना ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅपसुद्धा दिलंय. वॉरंटशिवाय एखाद्या जागेची झडती घ्यायची तर कलम १८५ खाली आधी कारणं लिहायची, त्याची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे. जागेच्या मालकाने अर्ज केला तर त्यालाही प्रत फुकट मिळते.

आता दुसरा प्रश्न, वाचण्याचा. वर जे कलमांचं पुराण लावलं ते सगळं वस्तू हातात येईपर्यंतचं आहे. वस्तू हातात आली, सील झाली, की कायद्याच्या लेखी काम संपलं. कारण कायद्याच्या डोक्यात अजून कोयता आहे. कोयता जप्त केला की त्याच्या आत बघण्यासारखं काही नसतं. फोनच्या आत घर असतं. ते उघडताना काय बघायचं, कुठवर मागे जायचं, काय बघायचं नाही, याबद्दल संहितेत एक ओळ नाही.

सविस्तर संध्याकाळी लिहिते, बोर्डावर मॅटर आहे.

हैदराबादी_मराठी

आमच्याकडे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तर गुन्हा, साक्षीदार काही नव्हतंच. गांजाविरुद्ध मोहीम चालू होती. पोलीस रस्त्यात दुचाकीवाल्यांना थांबवून फोन मागायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधखिडकीत ‘गांजा’ वगैरे टाकून बघायचे. व्हिडिओ फिरले, ओरड झाली. अधिकाऱ्यांचं उत्तर काय, तर लोक स्वतःहून सहकार्य करतायत. रात्री अकराला, तीन खाकी वर्दीवाल्यांच्या मधे उभं राहून, गाडीची किल्ली त्यांच्या हातात असताना ‘स्वतःहून’.

निवृत्त_फौजदार

३४ वर्षं नोकरी केली, म्हणून दुसरी बाजू लिहितो. चिडू नका.

एका आयओकडे किती गुन्हे तपासावर असतात हे बाहेर कुणाला माहीत नसतं. त्यात गणपती, यात्रा, निवडणूक, व्हीआयपी बंदोबस्त. मुदतीत दोषारोपपत्र गेलं नाही तर अटकेतल्या आरोपीला ६० किंवा ९० दिवसांनी जामीन मिळतो, आणि शिव्या आम्ही खातो. पंच मिळत नाहीत. ‘साहेब, कोर्टात यायला लागेल ना’ म्हणून माणसं मागच्या दाराने पळतात. मी टपरीवरच्या पोराला पंच घेऊन पंचनामे केलेत, खोटं कशाला बोलू?

पण तुमच्या मेव्हण्याच्या बाबतीत जे झालं ते बरोबर नाही. पद्धत अशी: पंचांसमोर फोन घ्यायचा, मेक, रंग, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), काचेला तडा असला तर तोही पंचनाम्यात लिहायचा. एअरप्लेन मोड, मग बंद. पाकिटात घालून लाखेचं सील, लेबलवर पंचांच्या सह्या, आणि मुद्देमाल कारकुनाकडे जमा. रजिस्टरला नंबर पडला की तो फोन कुणी हातात घ्यायचा नाही. गॅलरी चाळणं हे तपासात येत नाही. ते टाइमपासात येतं.

पासवर्डचं चिठोरं मात्र सगळीकडे असतं. लॅबला फोन पाठवला आणि पासवर्ड नसेल तर काम अडतं, म्हणून आमची पोरं लेबललाच चिकटवून टाकतात.

उद्या अर्ज लिहा. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का घ्या. तोंडी काही बोलू नका.

हॅशबहाद्दर

फौजदारसाहेब, दंडवत. ‘टाइमपास’ हा शब्द मात्र पुरेसा नाही, कारण त्या चाळण्याने पुरावाही बिघडतो.

फोन चालू करून नुसता हातात धरला तरी आत गोष्टी बदलत असतात. मेसेज येतात, अ‍ॅप आपापली खाती लिहितात, कोणतं अ‍ॅप कधी उघडलं याची नोंद होते. म्हणून लॅबमध्ये आधी प्रत काढतात आणि काम प्रतीवर करतात. प्रतीची हॅश व्हॅल्यू काढतात. हा त्या डेटाचा अंगठा समजा. शा-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरांचा येतो, आणि आत एक स्वल्पविराम हलला तरी अख्खा बदलतो. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशचा रकानाच दिलाय.

आता समजा, फोन घेतल्यावर ठाण्यात तो २३ दिवस उघडा फिरला आणि हॅश नंतर कधीतरी काढली. ती कशाची? २३ दिवसांनंतरच्या फोनची. टेम्पोवाल्याचा वकील बरा निघाला तर पहिला प्रश्न हाच विचारेल. काका, पाय मोडलेल्या माणसाच्या बाजूनेच बोलतोय मी.

मिरजेचा_तंबोरा

हॅश वेळेवर न दिल्याने काय होतं याचं उदाहरण हवं तर आपल्याच राज्यात बघा. भीमा-कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये फायली बाहेरून घुसवल्या होत्या असा अहवाल २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने दिला. एनआयएने तो मान्य केला नाही. वाद आजही

*(पुढचा मजकूर काढला आहे. हा धागा राजकारणावर नाही. याच विषयावरचे नऊ प्रतिसाद अप्रकाशित केले. – संपादक मंडळ)*

चिंगी

संपादक मंडळाने वाचून काढले की न वाचता? :)

काळा_कोट

आले. थोडं न्यायालयांबद्दल.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण त्या उंचीवरून ठाण्यातल्या टेबलापर्यंत उतरायला वेळ लागतो. मधल्या पायऱ्या उच्च न्यायालयांनी बांधल्या. मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात सांगितलं की फोनच्या आतल्या तपासणीला एरवी न्यायालयाचं वॉरंट घ्यावं. तातडी असेल तर वॉरंटशिवाय, पण कारणं लेखी. आणि आतला खाजगी मजकूर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. त्याच निकालात न्यायालय आरोपीला पासवर्ड देण्याचा आदेश देऊ शकतं असंही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उलट म्हटलं, की राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही) असताना खटला चालू असलेल्या आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येत नाही. म्हणजे बंगळूरला एक, दिल्लीला दुसरं.

बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या फोनचं तर आणखी गमतीचं. १९६१ मध्ये काठी कालू प्रकरणात ११ न्यायमूर्तींनी ठरवलं की बोटाचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. तेव्हा ठसा म्हणजे कागदावरची शाई होती. तो दरवाजाची किल्ली होईल हे कुणाच्या स्वप्नातही नसणार.

तुमच्या कामाचा निकाल केरळचा आहे, जुलै २०२३. एका ऑनलाइन वाहिनीच्या संपादकाला शोधताना पोलिसांनी दुसऱ्याच एका पत्रकाराचा फोन उचलला. तो आरोपी नव्हता. उच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याची रीत पाळल्याशिवाय असा फोन घेता येणार नाही. दुसऱ्या राज्याचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नसतो, पण अर्जात लिहायला हरकत नाही.

सर्वोच्च न्यायालयातही उपकरणांच्या जप्तीवर याचिका आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली, आणि डिसेंबरमध्ये केंद्राने सांगितलं की तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयची नियमावली पाळतील. ‘केंद्रीय’ हा शब्द लक्षात घ्या. फाट्यावरचं ठाणं त्यात येत नाही.

आणि ‘ओरिजिनल पाहिजे’ हे कुठून आलं? जालन्याहून! २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून खोतकर-गोरंट्याल वाद झाला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं: प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून सिद्ध केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. त्यातून ठाण्याठाण्यांत अर्धीच गोष्ट पोचली, की फोन उचला म्हणजे झालं. उरलेली अर्धी अशी, की प्रत, हॅश आणि कलम ६३ चं प्रमाणपत्र दिलं तर फोन न देताही व्हिडिओ पुराव्यात जाऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, त्यात फाइल दाबली जाते. केबल लावून मूळ फाइल काढायची.

हो, एक राहिलं. कुणी ‘मग मी आधीच डिलीट करतो’ म्हणत असेल तर ते अजिबात करू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

खडूस_काका

वकीलबाई, छान लिहिलंत. तरी म्हणतो, एवढे कागद करत बसले तर चोर पळतील.

निवृत्त_फौजदार

काका, चोर कागदामुळे पळत नाहीत. कागद नसल्यामुळे सुटतात. मी सुटताना बघितलेत.

लंडनचा_पाऊस

साक्षीदार आणि फिर्यादीच्या फोनवरून इकडे ब्रिटनमध्ये मोठं रामायण झालं. २०१९ मध्ये पोलिसांनी संमतीचा एक फॉर्म काढला. बलात्काराची तक्रार द्यायला आलेल्या बाईपुढे तो ठेवायचे, की फोन द्या, नाही दिलात तर केस पुढे जाणार नाही असं होऊ शकतं. आत तिचे वर्षानुवर्षांचे मेसेज. म्हणजे तक्रार एका रात्रीची आणि झडती सगळ्या आयुष्याची. लोकांनी त्याला ‘डिजिटल नंगाझोरी’ म्हणावं असंच नाव दिलं होतं. २०२० मध्ये तो फॉर्म मागे घ्यावा लागला.

मग २०२२ च्या कायद्यात नियम आले. कोणती माहिती हवी, का हवी, हे लेखी द्यायचं. दबाव आणायचा नाही. ‘नाही दिलात म्हणून तपास थांबणार नाही’ हेही लेखी सांगायचं. आणि जी माहिती हवी ती दुसरीकडून मिळते का, ते आधी बघायचं. प्रत्यक्षात सगळं गोडगोड चाललंय असं नाही, पण निदान बोट दाखवायला ओळ आहे. आरोपीचं वेगळं: त्याच्याकडून पासवर्ड मागणारी नोटीस काढता येते, आणि नाही दिला तर दोन वर्षांपर्यंत कैद.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाचा रायली निकाल आहे, नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका बाजूला: अटक केली तरी वॉरंटशिवाय फोन उघडायचा नाही. विमानतळावर उतरताना मात्र ते संरक्षण पातळ होतं. व्हिसावर असाल तर फोन दाखवायला ‘नाही’ म्हणणं परतीच्या विमानाने जाण्याइतकं महाग पडू शकतं.

सखूबाई

म्हणजे सगळीकडे आरोपीला वकील आहे, कलम आहे, निकाल आहे. फोटोतल्या ‘वहिनीं’ना कुठेच काही नाही. ती आरोपी नाही, साक्षीदार नाही, फोनची मालकही नाही.

काळा_कोट

सखूबाई, खरंय. याला माझ्याकडे उत्तर नाही.

कृष्णाकाठचा, फोन परत मागायला कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सुंदरभाई देसाई निकाल २००२ चा आहे: मुद्देमाल ठाण्यात १५ दिवस ते फार तर महिनाभर, त्याहून जास्त कुजवत ठेवायचा नाही. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि परत द्या. फोनची जप्ती दाखवलीच नसेल तर सरकारी वकिलांना ते न्यायालयात सांगणं अवघड जाईल. तेवढ्यानेच काम होईल बहुतेक.

कृष्णाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, कारण आज काहीतरी सांगण्यासारखं झालं.

फौजदारसाहेबांनी सांगितलं तसा अर्ज दिला. शिक्का मारायला अंमलदार तयार नव्हता. मेव्हणा बाकावर बसून राहिला, दोन तास. तिसऱ्या तासाला शिक्का मिळाला. चौथ्या दिवशी हवालदाराचा फोन, ‘अहो, कोर्टात कशाला जाता, या की.’ तरी गेलो कोर्टातच. तारखेच्या आदल्या दिवशी ठाण्यात पंचनामा झाला, आजवर झालाच नव्हता. पंच म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला. व्हिडिओची प्रत काढली, हॅश लिहिली, प्रमाणपत्राच्या पहिल्या भागावर मेव्हण्याची सही, दुसरा तज्ज्ञाकडून घेणार म्हणाले. आज सुपूर्तनाम्यावर फोन मिळाला. विकायचा नाही, बोलावलं की हजर करायचा.

फोनच्या पाठीवर सेलोटेपने चिकटवलेलं चिठोरं तसंच होतं. निळ्या पेनाने चार आकडे, पोरीच्या जन्माची तारीख आणि महिना. मेव्हणा ते नखाने खरवडत बसला होता. मधेच थांबला आणि म्हणाला, ‘भावजी, यूपीआयचा पिनपण हाच आहे. आणि दुकानाच्या तिजोरीचापण.’

बँकेचं खातं बघितलं, काही गेलेलं नाही. पण महिनाभर ती किल्ली तिथे टेबलावर पडून होती. पिन बदलला. तिजोरीवाला सोमवारी येतोय.

मेव्हण्याच्या बायकोने फोन हातात घेतला नाही अजून.

हॅशबहाद्दर

जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला दुसरं कुठलं उपकरण जोडलेलं आहे का तेही बघा. सेटिंगमध्ये यादी दिसते. अनोळखी दिसलं तर आधी स्क्रीनशॉट घ्या आणि मग काढा.

खडूस_काका

कृष्णाकाठचा, फोन मिळाला हे बरं झालं.

माझा पण फोनचा आणि बँकेचा नंबर एकच आहे. नातवाने लावून दिला होता, तो आता पुण्याला असतो. बदलायचा कसा, कुणी सांगेल का?

सखूबाई

काका, व्यनि (खाजगी निरोप) करा, एकेक पायरी सांगते. आणि आकडे लिहू नका त्यात.